सत्तावीस नंबरचा गोल

सोमवार, ८ जानेवारी

बोरकुटे सरांनी विषय मंजूर केला. 'विद्यापीठ परिसरातील विद्यार्थ्यांमधील सामाजिक आंतरक्रिया : एक अभ्यास'. वर्गात बाकीच्यांनी मोहफूल, बांबू, बचतगट असले विषय घेतलेत. गडचिरोलीत राहायचं म्हणजे मोहफुलावरच लिहायचं असा काही कायदा आहे का? सर म्हणाले, "उंदीरवाडे, विषय सोपा दिसतो, पण नजर पाहिजे." ती माझ्याकडे आहे. आरमोरीला आमच्या घरासमोरच बसस्टॉप आहे. लहानपणापासून मी माणसंच बघत आले.

सरांनी नोंदवही ठेवायला सांगितली आहे. ती हिरवी वही, सरांना दाखवायची. ही माझी. हिच्यात मनातलं लिहीन.

रिनाला विषय सांगितला. रिना हालदार माझी रूममेट, माझ्याच वर्गात आहे. मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावची. दीड वर्ष एका खोलीत राहतो, पण स्वभावानं फारच अबोल. म्हणाली, "म्हंजे तू आता आमाले पाहत राह्यशील काय?" म्हटलं, हो. "पाय मंग," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. नऊ वाजता! एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नऊ वाजता झोपणारी मुलगी.

गुरुवार, ११ जानेवारी

कॅन्टीनमध्ये निरीक्षणाचा पहिला दिवस. कोपऱ्यातलं टेबल धरलं, तिथून सगळं दिसतं. सकाळी साडेदहा ते दीडपर्यंत कोण कोणासोबत बसलं, किती मिनिटं, कोण आधी बोललं, सगळं टिपलं. आमच्या वर्गाची उर्वशी एकटी चार टेबलं फिरली. तिच्याभोवती नेहमी सहा-सात जण. कागदावर तिचं नाव मधोमध लिहिलं.

विक्की भांडेकर तर्री-पोह्याची प्लेट घेऊन माझ्या टेबलाशी आला. तो वाणिज्य विभागाचा, पण आरमोरीचाच, दहावीपर्यंत एका शाळेत होतो. "इथी कोणी बसून आहे काय?" म्हटलं, काम चालू आहे. तो जरा वेळ उभा राहिला, मग गेला. नंतर इंग्रजीच्या दोन मुली आल्या, त्यांनाही तेच सांगावं लागलं. हिरव्या वहीत लिहिलं, 'व्यत्यय : ३'.

माणसं एकमेकांशी किती बोलतात आणि एकमेकांना किती कमी ओळखतात, हे आज कळलं. हे वाक्य प्रबंधात घालायचं.

मंगळवार, १६ जानेवारी

रिना दोन दिवस घरी जाऊन आली. काहीतरी वडिलांचा कार्यक्रम होता. मी तक्ता क्रमांक दोन भरत होते तेव्हा ती बराच वेळ सांगत होती, मच्छी, भटजी, भाऊ रडला वगैरे. मी मधूनमधून 'हं' म्हणत होते. मग ती थांबली आणि म्हणाली, "झालं काय तुयं?" म्हटलं, अजून चौथा रकाना राहिला.

तिच्या सवयी विचित्र आहेत. पहाटे पाच वाजता उठून कुठेतरी जाते, सातला येते, घामानं भिजलेली. एकटीच. कॅन्टीनला नाही, लायब्ररीसमोरच्या कट्ट्यावर नाही. तिच्यात समूहापासून दूर राहण्याची वृत्ती स्पष्ट दिसते.

एक चांगलं आहे. निरीक्षणामुळे माझी मेसची वेळ चुकते, तेव्हा खोलीत डब्यात भात-वरण झाकून ठेवलेलं असतं. मेसच्या मनकर्णाबाई नियमाला फार पक्क्या, कुणालाही डबा बाहेर नेऊ देत नाहीत. रिनाला कसा देतात कोण जाणे.

बुधवार, २४ जानेवारी

फॉर्म वाटले. विभागातले सगळे चौतीस जण. तीन प्रश्न : मोकळा वेळ कोणासोबत घालवाल? अडचण कोणाला सांगाल? बाहेरगावी कामाला जायचं तर कोणाला सोबत न्याल? प्रत्येक प्रश्नासमोर विभागातल्या एकेकाचं नाव लिहायचं.

संध्याकाळी तपासले. माझा स्वतःचा फॉर्म अर्थातच नाही, म्हणजे तेहतीस. पैकी बत्तीस चांगले. रिनाचा वाया गेला. तिन्ही ठिकाणी माझंच नाव! सरांनी आधीच सांगितलं होतं की संशोधकाचं नाव आलं तर ते धरायचं नाही. मीही वर्गात तसं सांगितलं होतं, पण लोक सूचना ऐकतच नाहीत. 'बाद' शेरा मारून फाइलला लावला.

रूममेट असून इतका निष्काळजीपणा. पण बोलले नाही. संशोधकाला संयम लागतो.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

आज रिनानं एकदम विचारलं, "नूतन, पंधरा तारखेले मायासोबत चंद्रपूरले येशील काय?"

"पंधराला? माझा सेमिनार आहे ना त्याच दिवशी!"

"हो, मले मालूम आहे. सर तारीख बदलवून देतीन काय म्हणून विचारलं."

"काय आहे पण चंद्रपूरला?"

"परीक्षा आहे. धावाची."

मला हसू आलं. म्हटलं, "धावायची परीक्षा? आणि त्यासाठी मी येऊन काय करू? तुझ्यासोबत धावू?"

ती पण हसली. म्हणाली, "बॅग पकडून उभी राह्यली असती. लय पोरी असतेत, संग कोणी रायलं तं हिंमत लागते." मग म्हणाली, "जाऊ दे. तुया सेमिनार मोठा आहे."

समजूतदार आहे, हे मात्र कबूल करायला पाहिजे.

सोमवार, १२ फेब्रुवारी

तक्ता तयार! प्रत्येक विद्यार्थ्याचा एक गोल, नावाऐवजी नंबर. कोणी कोणाचं नाव लिहिलं, तिकडे रेघ. नंबर चारला (उर्वशी) एकोणीस रेघा. आणि एका कोपऱ्यात नंबर सत्तावीस. त्या गोलाकडे एकही रेघ जात नाही, त्यातून एकही निघत नाही. अख्ख्या तक्त्यात एकच असा. रिना.

सर चष्मा काढून बघत राहिले. म्हणाले, "उंदीरवाडे, हा सत्तावीस म्हणजे तुमच्या प्रबंधाचं सोनं आहे. संपूर्ण एकाकीपण! पुस्तकात वाचतो, प्रत्यक्षात मिळत नाही."

मी इतकी खूश झाले की खोलीवर येऊन रिनालाच सांगणार होते. मग लक्षात आलं, गुप्तता.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सेमिनार फारच छान झाला. सत्तावीस नंबर पडद्यावर मोठा करून दाखवला, तेव्हा सभागृहात अगदी शांतता. मी म्हटलं, "परभाषिक पार्श्वभूमी, दुर्गम भाग, आणि समूहात न मिसळण्याची सवय, यातून असा एकाकी घटक तयार होतो." नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी उर्वशी म्हणाली, "अवो, परभाषिक तं वर्गात एकच आहे. रिनाच ना?" मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तिनं मोबाइलवर काहीतरी टाकलं आणि सगळे हसले.

रिना सकाळीच चंद्रपूरला गेली. मनकर्णाबाई तिच्यासोबत गेल्या म्हणे, त्यामुळे आज मेस बंद. दोन बिस्किटांवर दिवस काढला. एका मुलीच्या धावण्यासाठी सत्तर मुली उपाशी, हा काय प्रकार?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

विक्कीनं मला लायब्ररीच्या दारात अडवलं. त्याला एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काऊन वो नूतन, रिनाचा तमाशा केला म्हणते तू?"

"तमाशा काय? संशोधन आहे. आणि नाव घेतलं नाही मी."

"ग्रुपवर लोकं तिले सत्तावीस म्हणून राह्यले. तुले मालूम आहे ती सकाळी कुठी जाते?"

"एकटीच कुठेतरी..."

"एकटी? ग्राउंडवर आमी बारा जण असतो. वनरक्षक भरतीचे. पोरी-पोरं सगळे. टाइम कोण लावते? मी लावतो. वॉचमन डोमाकाका गेट उघडून देते, लाइट चालू करते. मनकर्णाबाई सात वाजता सगळ्याईले चणे भिजवून देते. रिना दम लागलेल्या पोरीचा हात धरून धावते, तुले मालूम आहे? अन् तू कॅन्टीनमंदी बसून मोजते! सकाळी ग्राउंडवर आली काय एक दिवस?"

मी म्हटलं, ग्राउंड माझ्या निरीक्षण क्षेत्रात नव्हतं. आणि फॉर्म फक्त आमच्या विभागाचे होते.

तो म्हणाला, "बराबर आहे," आणि गेला.

पद्धत म्हणून मी बरोबरच आहे. तरी जेवण गेलं नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

रिना काल संध्याकाळी आली. पायाला फोड, चेहरा उन्हानं काळवंडलेला. तीन किलोमीटर धावली, सोळा किलोमीटर चालली. म्हणाली, "निघाली वो टाइमात." मी अभिनंदन केलं. तिनं बादलीत पाय सोडले आणि म्हणाली, "दाखव ना तुया तक्ता."

म्हटलं, कोणता?

"ज्याच्यात मी आहे तो."

दाखवला. तिनं कागद मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिला. गोलावर बोट ठेवून म्हणाली, "हा मी काय? मस्त गोल काढला." मग म्हणाली, "पण मायी रेघ कुठी आहे? मी तं लिवलं होतं."

मी सांगितलं, संशोधकाचं नाव चालत नाही.

"तिनी ठिकाणी नाई चालत?"

"एकाही ठिकाणी नाही."

"अच्छा." कागद घडी न करता तिनं नीट परत दिला. टॉवेलनं पाय पुसले. म्हणाली, "अन् तू कोणाचं नाव लिवलं होतं?"

"मी फॉर्म भरलाच नव्हता."

"भरला असता तं?"

मी म्हटलं, तसा प्रश्नच येत नाही. ती हसली. चिडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २५ फेब्रुवारी

आठ दिवस काही लिहिलं नाही. रिना नेहमीसारखीच वागते. पाचला उठते, जाते, येते. डबा मात्र नसतो. हे मी टिपायला नको होतं, पण टिपलं.

वर्गात ती आली की उर्वशीच्या बाजूनं "या, सत्तावीस" असं ऐकू येतं. रिना "आली" म्हणून हात वर करते आणि बसते. मी काही बोलले नाही. बोलले तर नाव उघड केल्यासारखं होईल, असं स्वतःला सांगितलं.

सोमवार, ४ मार्च

लायब्ररीतून आले तर रिनाची खाट मोकळी. गादी गुंडाळलेली, कपाट उघडं. भिंतीवरचा तिचा देवीचा फोटो नाही, फक्त खिळा.

मनकर्णाबाईंना विचारलं. भाताचा हंडा घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गेली घरी. तुले सांगतलं नाई काय?" मग म्हणाल्या, "कशी सांगणार बाई, तुले टाइम कुठी असते."

माझ्यामुळे गेली. माझ्या तक्त्यामुळे एका मुलीचं शिक्षण सुटलं. हे कोणाला सांगू? तिसऱ्यांदा विचार केला तेव्हा लक्षात आलं की अशी गोष्ट मी रिनालाच सांगितली असती. आणि ती ऐकता ऐकता झोपली असती.

रविवार, १० मार्च

मुलचेऱ्याला जाऊन आले. सगळं लिहून ठेवते.

सकाळची एसटी, आष्टीला बदलली. पुढचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी लाल झालेला, पानंसुद्धा लाल. अख्ख्या रस्त्यात माफी पाठ करत होते. वाक्य असं होतं : 'रिना, माझ्या संशोधनानं तुझ्यावर जो अन्याय झाला त्याची जबाबदारी मी स्वीकारते.' चांगलं होतं वाक्य.

गाव मुलचेऱ्यापासून चार किलोमीटर, ऑटोनं गेले. अंगणं सारवलेली, प्रत्येक घरामागे बोडी म्हणजे छोटं तळं, बोडीत मासे. एका पोरीला रिना हालदार विचारलं तर ती "फारेस्टवाली दीदी?" म्हणत पुढे धावली.

रिना अंगणात धान पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं. "अवो माय! तू?"

तिची आई बाहेर आली, डोक्यावर पदर. "बोशो मा, बोशो," म्हणत खाट टाकली, मुरमुरे आणि गूळ आणला. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "काकू, काका कुठे गेले? शेतावर?"

आईचा हात थांबला. रिना हळू म्हणाली, "नूतन, तुले सांगतलं होतं मी. जानेवारीत वर्षश्राद्ध झालं बाबाचं."

दारावर फोटो होता. हार सुकला होता. मी त्याच्या खालीच बसले होते.

आईनं आत जाऊन माझ्यासाठी भात टाकला. मला आवाज येत होता, तांदूळ धुतल्याचा.

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. जबाबदारीपर्यंत पोचले असेन, तर रिना मधेच म्हणाली, "कोणता अन्याय? लिस्टमंदी नाव लागलं माय! कागदपत्रं पाहिजे होते म्हणून आली घरी. रहिवासी दाखला, बाबाच्या नावाचे जुने कागद, आमाले बंगाली लोकाईले सगळे दहा-दहा दाखवा लागते. एप्रिलमंदी रुजू व्हाचं आहे."

"म्हणजे तू तक्त्यामुळे नाही आलीस?"

ती इतकी हसली की सुपातलं धान सांडलं. "तुया गोलामुळं मी शिक्षण सोडून घरी येईन? एवढा मोठा नाई वो तुया गोल!"

मलाही हसू यायला पाहिजे होतं. खरं लिहायचं तर मला वाईट वाटलं. दोन एसट्या आणि ऑटो करून मी जो अपराध घेऊन आले होते, तो तिथे कोणी घेतलाच नाही.

मग ती गंभीर झाली. धान गोळा करत म्हणाली, "वर्गातले लोकं सत्तावीस म्हणते, त्याचं काय मले. लहानपणापासून बंगाली म्हणते, त्यापरीस तं नंबर बरा. पण चंद्रपूरले तू नाई आली, ते लागलं मले. शेवटच्या चक्कराले मले दिसून राह्यलं नव्हतं. कडेले मनकर्णाबाई ओरडत होती, 'रिना, पोरी, पाय उचल.' मी मनात म्हटलं, नूतन रायली असती तं ओरडली नसती. लिहत बसली असती." पुन्हा हसली. "पण रायली तं असती."

मी खाली बसून तिच्यासोबत धान वेचू लागले. बोलायला वाक्य नव्हतं.

माशाचं कालवण, भात. आईनं काटे काढून दिले, मला जमत नव्हते म्हणून. बाबांना काय झालं होतं ते मी विचारलं. रिनानं सांगितलं. पाऊण तास सांगत होती. शेवटची एसटी निघायच्या बेतात होती, ऑटोवाला हॉर्न मारत होता. मी उठले नाही. मग तिच्या भावानं मोटरसायकलवर आष्टीपर्यंत सोडलं.

सोमवार, १८ मार्च

सरांकडे गेले. म्हटलं, सत्तावीस नंबर चुकीचा आहे. तिनं नाव लिहिलं होतं, माझं. ती एकाकी नाही, फक्त मी जिथे बघत होते तिथे ती नव्हती. मला ते प्रकरण बदलायचं आहे.

सरांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "उंदीरवाडे, तुमची भावना चांगली आहे. पण टायपिंग झालं आहे. अनुक्रमणिका झाली आहे. आता एक रेघ वाढवली तर टक्केवारी बदलेल, सहा तक्ते बदलतील. आणि मुळात सत्तावीस काढला तर तुमच्या प्रबंधात उरतं काय?"

हा प्रश्न मला सुटला नाही. म्हटलं, निदान एक टीप तरी घालू द्या.

"टीप घाला," सर म्हणाले. "बारीक अक्षरात."

घातली. पान एक्क्याण्णव, अगदी खाली. 'संशोधकाच्या निरीक्षणाला मर्यादा आहेत.' दोन ओळी अजून होत्या, त्या सरांनी काढल्या.

शनिवार, ३० मार्च

पहाटे ग्राउंडवर गेले. कशाला ते माहीत नव्हतं. विक्कीनं पाहिलं पण विचारलं नाही. मी एक चक्कर पळाले आणि पोटात कळ आली, खाली बसले. मनकर्णाबाईंनी चणे दिले. म्हणाल्या, "मुठीनं खा, मोजू नको." अकरा जण हसले. मीही.

मंगळवार, १४ मे

आज तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, खादीचा शर्ट, खोलीत पंखा असून सारखा रुमाल फिरवत होते. त्रेचाळीस अंश होतं. पानं चाळली, तक्त्यावर थांबले.

"हे चौतीस विद्यार्थी तुमच्या विभागाचे. तुम्हीही याच विभागाच्या. मग गोल तेहतीसच कसे? तुम्ही स्वतः या तक्त्यात कुठे आहात?"

बोरकुटे सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी कुठेच नाही सर."

"उत्तम!" परीक्षक सरांकडे वळले. "हीच तटस्थता आजच्या मुलांत दिसत नाही."

मी म्हटलं, "नाही सर, तसं नाही. मी असायला पाहिजे होते. एका मुलीनं तीन वेळा माझं नाव लिहिलं होतं. मला ती गोल वाटली. तिचे वडील वारले होते, ते तिनं मला सांगितलं आणि मी तक्ता भरत होते. हा प्रबंध चुकलेला आहे."

परीक्षकांनी रुमाल खिशात ठेवला, माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "आणि विनयही आहे." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर सरांनी पाठ थोपटून सांगितलं, वीसपैकी एकोणीस. विभागात पहिली.

झाडाखाली उभी राहून रिनाला फोन लावला. ती आलापल्लीकडे रुजू झाली आहे, एक टेकडी चढली तरच फोन लागतो. चौथ्यांदा लागला. धापा टाकत होती. सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. ती ऐकत होती, मागे कुठलातरी पक्षी ओरडत होता. परीक्षकांचं शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत राहिली.

मग म्हणाली, "थांब थांब. सगळं बराबर आहे वो. पण मंग एक मार्क कायचा कापला?"